एका धड्याला नऊ शर्ट

लाँड्रीच्या मागच्या खोलीत एकतीस वर्षं उभ्याने इस्त्री करणाऱ्या त्या माणसाचं खरं नाव आता बहुधा त्याच्या ओळखपत्रालाच आठवत असेल. बाकी सगळे त्याला 'कडक' म्हणायचे. कॉलर कडक, घडी कडक, आणि बोलायला तोंड उघडलंच तर शब्दांनाही खळ घातलेली. बायको 'अहो' म्हणायची, म्हणजे त्या बाजूनेही नावाची काही सोय नव्हती.

त्याच्या कामाला नावं ठेवायची मात्र कुणाची टाप नव्हती. आधी कॉलर, मग खांदा, मग कफ, मग बाह्या, मग बटणपट्टी आणि सगळ्यात शेवटी पाठ. गिऱ्हाईक काउंटरवर पाय आपटत उभं असो, मालक तीनदा आत डोकावून जावो, पाठ शेवटीच. एका शर्टाला साडेतीन मिनिटं. घाई केली तर सात, कारण घाईत केलेला शर्ट तो पुन्हा उलगडून पहिल्यापासून करायचा.

खोड एकच होती, पण ती संध्याकाळी त्याच्याबरोबर घरी यायची. वाकडं, चुरगळलेलं, अर्धवट असं काही दिसलं की त्याचे हात शिवशिवायचे. टॉवेलाची टोकं जुळव, चपलांचे जोड लाव, दुसऱ्याच्या घरी जाऊन भिंतीवरचं घड्याळ सरळ कर. मेहुण्याचं ऑपरेशन झालं तेव्हा हा दवाखान्यात भेटायला म्हणून गेला आणि त्या बिचाऱ्याला कुशीवर वळवून खालची चादर ताणून आला. मेहुणा अजूनही टाके दाखवत ती हकिगत सांगतो, आणि ऐकणारे हसून हसून बेजार होतात.

त्याला लेक एकच. लहान असताना तिलाही याची मोठी गंमत वाटायची. भिंतीवरचं चित्र मुद्दाम तिरकं करून ती पडद्याआड उभी राहायची आणि बाप येऊन ते सरळ करेपर्यंत मनात आकडे मोजायची. विसाच्या पुढे तिला कधी जावं लागलं नाही. मोठी झाल्यावर तिला गंमत वाटेनाशी झाली, एवढंच. तिच्या टेबलावर पसारा असायचा, कानात सदैव हेडफोन असायचे, आणि ती एका जाडजूड वहीत काहीतरी लिहीत असायची. बाप खोलीत आला की वही बंद.

त्या वहीची गोष्ट आधी सांगायला हवी, कारण पुढचं सगळं त्यातूनच आलं.

लेक कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना तिच्या पिशवीत पाण्याची बाटली गळली आणि वही भिजली. पानं सुकली, पण अशी फुगली आणि वाकडीतिकडी झाली की वही मिटेना. ती खिडकीत ठेवून लेक दोन दिवस मैत्रिणीकडे गेली. बापाने येता-जाता त्या वहीकडे पाहिलं. एक दिवस तग धरला. दुसऱ्या दिवशी वही रुमालात गुंडाळून लाँड्रीत नेली.

चादरींसाठी तिथे एक मोठं सपाट प्रेस होतं. वहीचे तीन भाग करून, वरखाली पांढरं स्वच्छ कापड घालून त्याने ते प्रेसखाली दाबले. आत काय लिहिलंय ते पाहिलं नाही. लाँड्रीचा नियमच तसा. गिऱ्हाइकाच्या खिशात सापडलेला कागद वाचायचा नाही, डब्यात टाकायचा आणि मागायला आलं की द्यायचा. एकतीस वर्षांत त्याने कुणाची चिठ्ठी उलगडली नव्हती, त्याचा त्याला अभिमान होता. वही नव्यासारखी सपाट झाली. घरी आणून त्याने ती लेकीच्या टेबलावर कडेला कड जुळवून ठेवली, आणि ती परत येईपर्यंत स्वारी अगदी खुशीत होती.

लेक खोडता येणाऱ्या पेनाने लिहायची. त्या पेनाच्या मागच्या टोकाने घासलं की अक्षर जातं. जातं ते घासल्याने नाही, घासून येणाऱ्या उष्णतेने. हे त्याला कुठून ठाऊक असणार? लेकीने वही उघडली, पान उलटलं, दुसरं उलटलं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तिने एकेक पान उलटून पाहिलं. वर्षभराचं लिखाण, आणि सगळं कोरं.

बाप दारात उभा राहून पाहत होता. आणि अशा वेळी माणसाच्या तोंडून जे येऊ नये तेच त्याच्या तोंडून आलं, तेही खळ घातलेलं.

"एवढं काय लिहिलं होतं त्यात?"

त्याला खरंच विचारायचं होतं. तसं ते ऐकू आलं नाही. लेकीने वही मिटून कपाटात ठेवली. महिन्याच्या आत परगावी नोकरी शोधून, दोन बॅगा भरून निघून गेली. जाताना वही ठेवून गेली, जुना फोन ठेवून गेली. या गोष्टीला दोन वर्षं झाली. महिन्याच्या पहिल्या रविवारी आईला तिचा फोन यायचा. बरी आहे, जेवते वेळेवर, ठेवते. दोन मिनिटं. बापाचं नाव ती काढत नसे आणि आईही काढायला धजत नसे.

आता फोनकडे येऊ.

कडकच्या स्वतःच्या फोनने वाफेपुढे मान टाकली तेव्हा बायकोने कपाटातून लेकीचा जुना फोन काढून दिला. तो वाजला तर उचलायचा आणि नाही वाजला तर खिशात ठेवायचा, एवढंच त्याला येत होतं. एका दुपारी घाम पुसायला रुमाल काढताना अंगठा कुठेतरी पडला आणि शर्टाच्या खिशातून एक बाई बोलू लागली. गंभीर आवाजात म्हणाली, प्रकरण सातवं. कडक इतका दचकला की त्याने इस्त्री स्टँडवर ठेवून खोलीत चहूकडे पाहिलं.

शेजारच्या टेबलावर डागवाल्या बाई बसायच्या. कपड्यांवरचे डाग काढणं हे त्यांचं काम. नुसता वास घेऊन त्या सांगायच्या, हा चहा, हा गंज, ही शाई, आणि ही लिपस्टिक असून साहेबांच्या शर्टावर आहे, तेव्हा आपण तोंड उघडायचं नाही. फोनमधलं त्यांना सगळं कळायचं. त्यांनी फोन हातात घेतला, पाहिला आणि सांगितलं की ही कादंबरी आहे, कुणीतरी वाचून दाखवतंय, बावीस प्रकरणं आहेत, आणि लेकीच्या नावाने खातं अजून उघडंच आहे. बंद करू का, असंही विचारलं.

कडक म्हणाला, राहू दे. मग थोड्या वेळाने म्हणाला, पहिल्यापासून लागतं का?

लागत होतं. आणि असा एकतीस वर्षं कॉलर-कफ करणारा हा गडी कादंबरीच्या नादी लागला.

गोष्ट होती एका सोळा वर्षांच्या मुलीची. तिचा बाप नदीवर होडी चालवून लोकांना पलीकडे पोहोचवायचा. मोठा भाऊ त्याच नदीत गेला, आणि महिन्याभरात बापाने त्याची सायकल विकून टाकली. त्या दिवसापासून पोरीने बापाशी बोलणं टाकलं. रोज सकाळी त्याच होडीतून शाळेला जायची, बापाच्या समोर बसायची, आणि चकार शब्द नाही. कादंबरीचं नाव लांबलचक होतं, ते कडकला कधी लक्षात राहिलं नाही. तो कादंबरीलाही आणि त्या पोरीलाही 'होडीवाली' म्हणायचा, आणि प्रकरणाला शाळेतल्यासारखं 'धडा' म्हणायचा. एका धड्याला नऊ शर्ट लागायचे. मालकाने किती काम झालं विचारलं तर हा सांगायचा, दीड धडा, आणि मालक डोकं खाजवत काउंटरवर परत जायचा.

आधी त्याने नाक मुरडून पाहिलं. वाचणारी बाई सगळ्यांचे आवाज स्वतःच काढायची, बापाचा आवाज तर माठात तोंड घालून बोलल्यासारखा. बाप असा बोलत नसतो, अशी त्याची तक्रार होती. तिसऱ्या धड्याला तक्रार संपली. चौथ्याला होडीवालीची एक वर्गमैत्रीण आली, लठ्ठ, बडबडी आणि नको तिथे हसणारी. ती भावाच्या फोटोपुढे उभी राहून हसू दाबता दाबता रडायला लागते, त्या जागी कडक स्वतः इस्त्री हातात धरून खदखदून हसला आणि पुढच्याच मिनिटाला त्याने वाफेचा खटका दाबला. भरपूर वाफ सोडली की आत माणूस काय करतोय ते कुणाला दिसत नाही. डागवाल्या बाईंना दिसलं. त्यांनी त्या दिवशी काही टोमणा मारला नाही. कारण आवाज मोठा ठेवला होता, आणि ऐकत त्याही होत्या.

एरवी त्या सोडायच्या नाहीत. चहाच्या वेळी दोघांचा वाद ठरलेला. कडकचं म्हणणं, तो नावाडी शुद्ध गाढव आहे. पोराची सायकल विकतं का कुणी?

"तुम्ही नसती विकली, दादा?" बाईंनी एकदा विचारलं.

कडकने प्रामाणिकपणे विचार केला. म्हणाला, आधी पुसून, तेल घालून चकाचक केली असती. बाई म्हणाल्या, आणि मग विकली असती. त्या दिवसापासून नावाड्याला गाढव म्हणायचं त्याने बंद केलं.

पाचव्या धड्याच्या दिवशी ते घडलं. फोन उघडला तर गोष्ट सुरू होण्याआधी एक पाटी आली. दुसऱ्या फोनवर तुम्ही याच्या पुढे ऐकलं आहे, तिथे जायचं का? खाली लिहिलं होतं, प्रकरण सहावं, मिनिट अकरा. कडकला वाटलं, बिघडला. बाईंनी पाटी वाचली, पुन्हा वाचली, आणि हातातला ब्रश खाली ठेवला. त्यांनी समजावून सांगितलं. खातं एक, फोन दोन. खूण एकच. या फोनवर तुम्ही थांबता ते तिथे दिसतं, तिथे कुणी थांबलं की ते इथे दिसतं.

"म्हणजे ती ऐकतेय?"

"आज सकाळीच ऐकलंय. तुम्ही लावलंत ते तिला दिसलं असणार, आणि तिनेही पहिल्यापासून धरलं असणार."

कडकने त्या दिवशी शर्टाची पाठ आधी केली आणि कॉलर नंतर. मालकाला लक्षात आलं नाही, पण बाईंना आलं.

पुढचे जवळजवळ वीस दिवस त्या माणसाला पाहायला हवं होतं. दोन वर्षं ज्या पोरीचा शब्द कानावर पडला नव्हता, ती आता रोज कुठे आहे ते त्याला कळत होतं. आठवा धडा, मिनिट चार. नववा धडा, मिनिट सतरा. हा तिच्यापर्यंत ऐकत जायचा, थोडा पुढे जायचा, दुसऱ्या दिवशी ती आणखी पुढे गेलेली असायची. कधी तो पुढे असला तर ती बरोबर तिथपर्यंत येऊन थांबायची. दोघं एकाच रस्त्याने चालल्यासारखं. सायकलचा धडा त्याने ऐकला त्या दिवसापासून खूण तीन दिवस हलली नाही. चौथ्या दिवशी हलली. तीही थांबली होती तर तिथे, असं तो बाईंना म्हणाला. त्याने मनाशी धरून ठेवलं की बावीस धडे संपले की होडीवाली बापाशी बोलणार, आणि तोवर इकडेही फोन येणार. बायकोला त्याने यातलं अक्षर सांगितलं नाही. का, तर हे त्याचं आणि लेकीचं होतं. वर्षानुवर्षांत पहिल्यांदा दोघांचं असं काही होतं, त्यात तिसरं माणूस कशाला?

याच दिवसांत तो जरा मोकळा झाला आणि वहीचं सगळं त्याने बाईंना सांगून टाकलं. बाई ऐकत होत्या. शाई म्हटल्यावर त्यांच्यातली कारागीर जागी झाली.

"वही कुठे आहे आता?"

"का?"

"ती शाई मेलेली नसते, दादा. तापली की दिसेनाशी होते, गारठली की परत येते. बर्फाच्या कप्प्यात दोन दिवस ठेवली तर सगळं वाचता येईल."

कडकच्या हातातली इस्त्री जिथे होती तिथेच राहिली. वही कुठे होती ते त्याला चांगलं ठाऊक होतं. लेक गेल्यावर त्याने ती कपाटातून काढली होती. कोरा, जाड, इस्त्री केलेला कागद. असा कागद कुणी वाया घालवतं का? पानं सुटी करून तो लाँड्रीत घेऊन आला आणि घडी घातलेल्या शर्टांच्या पोटात, पाठीला आधार म्हणून, एकेक पान घालत गेला. दीडेकशे शर्ट गेले गावभर. कुणी कागद काढून फेकला असेल, कुणी त्यावर हिशोब लिहिला असेल. सगळं लिखाण होतं तिथेच होतं, फक्त थंडीची वाट पाहत, आणि त्याने ते स्वतःच्या हाताने वाटून टाकलं होतं.

करपल्याचा वास बाईंना आधी आला. एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्या टेबलावर शर्ट जळला, पाठीच्या मधोमध, इस्त्रीच्या आकाराचा. मालक आला, पाहिलं, आणि काही न बोलता गेला. एवढ्या वर्षांची पुण्याई म्हणा.

त्यानंतर त्याच्यापाशी उरली ती फक्त ती खूण. म्हणून तो तिला जास्तच जपू लागला. आणि जपणं म्हणजे काय, तर त्याला जे येत होतं तेच.

लेक कुठेही थांबायची. बहुधा कामावर जाता-येता ऐकत असावी, उतरायची वेळ झाली की वाक्याच्या मधेच बंद. 'नावाड्याने वल्हं उचललं आणि' इथेच बंद. कडकला ते पाहवायचं नाही. उचललं आणि काय? असं अर्ध्यात सोडून संध्याकाळी पुन्हा लावलं तर काय हाती लागणार? अर्ध्या बाहीवर इस्त्री सोडल्यासारखंच ते. म्हणून तो रोज आपलं ऐकून झालं की तिची खूण मागे ओढून धड्याच्या अगदी सुरुवातीला नेऊन ठेवायचा. शून्य मिनिट, शून्य सेकंद. पोरीला धडा पहिल्यापासून, नीट, सलग मिळेल. बाईंनी एकदा विचारलंही, हे काय करताय? तो म्हणाला, घडी घालून ठेवतोय. बाईंना डाग कळायचे, हे कळलं नाही. त्या हसल्या आणि कामाला लागल्या.

काही दिवसांनी खूण पुढे सरकायला वेळ लागू लागला. दुसऱ्या दिवशीही तोच धडा, तेच मिनिट. तो पुन्हा मागे नेऊन ठेवायचा. एकोणिसाव्या धड्यापाशी असं चार वेळा झालं. त्याला वाटलं, तिला तो धडा फार आवडलेला दिसतोय.

मग महिन्याचा पहिला रविवार आला. सकाळी कडक पुढच्या खोलीत बुटांना पॉलिश करत बसला होता. आतल्या खिडकीपाशी बायको फोनवर बोलत उभी होती, त्याला तिची पाठ दिसत होती. दोन मिनिटं झाली. पाच झाली. बायको मधेच हसली. दहा मिनिटं झाल्यावर त्याने ब्रश खाली ठेवला. पंधरा झाल्यावर उठून हात साबणाने धुतले, आणि आरशापुढे उभं राहून केसांवरून कंगवा फिरवला. फोनवर बोलताना केस कुणाला दिसत नाहीत हे त्यालाही कळत होतं. आता हाक येईल, या बेताने तो दाराच्या चौकटीपाशी जाऊन उभा राहिला.

बायकोने फोन ठेवला. वळली आणि तिने त्याचे विंचरलेले केस पाहिले.

"अहो, तुम्ही तिच्या फोनवर गोष्ट ऐकता?"

त्याने मान हलवली. त्याच्या चेहऱ्यावर हसू यायच्या बेतात होतं.

"तिला वाटलं, मी ऐकते."

ते हसू तिथेच राहिलं. बायको खुर्चीवर बसली आणि तिने सगळं सांगितलं. लेकीने फोनवर आल्या आल्या विचारलं होतं, आई, सायकलचा भाग ऐकलास ना, किती रडलीस खरं सांग. ही म्हणाली, कसली सायकल? लेकीला वाटलं, आई उगाच लपवतेय. म्हणून तिनेच सगळी गोष्ट सांगायला घेतली, होडी, नदी, ती हसरी मैत्रीण. रोज बसमध्ये खूण पुढे गेलेली पाहिली की तिला आई शेजारी बसल्यासारखं वाटायचं, असंही म्हणाली. दोन वर्षांत आईशी इतकं बोलली नव्हती. आणि मग तिने विचारलं, पण आई, तू रोज धडा पहिल्यापासून का लावून ठेवतेस गं, मला पुढेच जाता येत नाही.

"मी म्हटलं, मी कुठे काय लावते? मग ती गप्प झाली. कितीतरी वेळ. मला वाटलं फोन तुटला."

"काय म्हणाली मग?"

बायकोने त्याच्याकडे पाहिलं नाही. "म्हणाली, आई, त्यांना सांग, मी जिथे थांबते तिथे मला थांबू द्या."

कडक चौकटीला टेकला. "तिला बरं पडावं म्हणून लावत होतो."

"माहीत आहे मला," बायको म्हणाली. "वहीसुद्धा बरं पडावं म्हणूनच होती."

तिच्या आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. थोडा वेळ ती पदराच्या काठाशी चाळा करत बसली. मग तिने आणखी एक विचारलं. मला का नाही सांगितलंत? मीही ऐकली असती की. ती सायकल म्हणाली तेव्हा मला सांगता आलं असतं, हो गं, रडले.

सोमवारी दुपारी लाँड्रीत त्याने फोन उघडला तेव्हा पाटी वेगळी होती. आत जाण्यासाठी पासवर्ड द्या. बाईंनी पाहिलं आणि हळूच सांगितलं की खातं तिकडून बंद केलंय. मग, त्याचा चेहरा पाहवेना म्हणून असेल, म्हणाल्या की मी तुमच्या नावाचं खातं काढून देते, तीच कादंबरी, तीच बाई वाचणारी, फक्त तीन धडे तर राहिलेत. कडकने नको म्हटलं. त्या दिवशी मागच्या खोलीत फक्त वाफेचा आवाज होता. बाईंनी तरीही खातं काढून दिलंच, आणि संध्याकाळी त्याने घरी जाऊन फोन बायकोच्या पुढ्यात ठेवला. काय दाबायचं तेवढं दाखवलं आणि बाजूला झाला.

बायकोने होडीवाली ऐकायला सुरुवात केली. भांडी घासताना, भाजी निवडताना, कानात लेकीचेच जुने हेडफोन. पुढच्या पहिल्या रविवारी ती तयारीत होती, पाचव्या धड्यापर्यंत पोचली होती. फोन आला तसं तिने घाईने सांगितलं की ती हसरी मैत्रीण मला फार आवडली बघ. पलीकडून लेक म्हणाली, हो का, मी ते सोडलं आई. बरी आहे, जेवते वेळेवर, ठेवते. पुरती दोन मिनिटंही झाली नाहीत.

तरी बायको ऐकत राहिली. लेकीसाठी सुरू केलं होतं, आता बहुधा स्वतःसाठी. कधी स्वयंपाकघरातून हसायची, कधी नळ उगाच जास्त वेळ सुरू ठेवायची. काय झालं गोष्टीत, असं त्याने विचारलं नाही, आणि तिने आपणहून सांगितलं नाही. होडीवाली शेवटी बापाशी बोलली की नाही, हे त्या घरात आता एकीलाच कळणार होतं.

एका सकाळी तो डबा घ्यायला आत गेला तेव्हा बायको दूध आणायला खाली गेली होती. फोन फळीवर उघडाच होता. एकोणिसावा धडा, मिनिट तेरा. तीही लेकीच्याच वळणावर, वाक्याच्या मधेच सोडून गेलेली. हेडफोनच्या वायरचा गुंता फोनभोवती पडला होता.

त्याचा अंगठा पुढे गेला. काचेपासून बोटभर अंतरावर जाऊन थांबला. मग त्याने हात मागे घेतला आणि दोन्ही हात पँटच्या खिशात घातले, आणि बायको परत येईपर्यंत तिथेच उभा राहिला, कुणी पकडून आणल्यासारखा.

"काय हवंय?" बायकोने विचारलं.

"काही नाही."

तिने दुधाची पिशवी ठेवली, गुंता न सोडवताच हेडफोन कानात घातले, आणि बघता बघता तिचा चेहरा त्या खोलीतून दुसरीकडे निघून गेला. त्याने डबा उचलला आणि कामावर गेला.